तान्ह्या बाळाचे झटके: थेट पुणे, की आधी सोलापूर?

बार्शीकर: शेजारचं सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की मान खाली टाकून हात फेकतं, एकामागून एक. आजीनं दृष्ट काढली, ग्राइप वॉटर पाजलं. पाहुणे म्हणतात, पुण्याला न्या. माझं मत: सोलापुरातच बालरोगतज्ज्ञाला दाखवून लगेच ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करावा.

होटगी रोड: अजिबात नको. माझ्या भाचीला इथल्या एका दवाखान्यात गॅस म्हणून थेंबच देत बसले. हुतात्मा एक्स्प्रेस पकडा आणि पुणे गाठा.

सिस्टर_सोलापूर: दादा, गॅस समजण्याची चूक पुण्यातही होते. पोटात कळ आलेलं बाळ बराच वेळ रडतं. हे झटके सेकंद-दोन सेकंदांचे, ओळीनं येतात. इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांतला फिट्सचा एक प्रकार, असू शकतात. 1841 मध्ये डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्याच मुलाचे असे झटके ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवले होते, म्हणून वेस्ट सिंड्रोम. मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. ईईजीत झोपेचा भाग आलाच पाहिजे, नुसत्या जागेपणीच्या पट्टीवर ‘नॉर्मल’ म्हणून घरी येऊ नका.

होटगी रोड: आणि यावर स्टेरॉइड देतात म्हणे, तेही एमआरआय न बघता तान्ह्या पोराला?

सिस्टर_सोलापूर: ईईजीत स्पाझमची खूण दिसली तर एमआरआयच्या तारखेसाठी सहसा थांबत नाहीत. एसीटीएच या संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा तोंडानं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. अंगावर फिकट पांढरे चट्टे असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची शंका घेतात, तिथं व्हिगाबॅट्रिन हे फिट्सचं औषध आधी. त्यानं नजरेचा परीघ कमी होऊ शकतो, म्हणून डोळ्यांकडे लक्ष. स्टेरॉइडवर बीपी, साखर बघतात, घरात टीबी आहे का विचारतात, काही लसी पुढं ढकलतात. धोका आहेच. पण उपचार लांबले की बाळ हसायचं, नजर मिळवायचं विसरतं. तो धोका मला मोठा वाटतो.

अक्कलकोटची: पुणं म्हणणं सोपंय. विडी वळणाऱ्या बाईनं रोज बुडवून अडीचशे किलोमीटर जायचं, राहायचं कुठं? अंगणवाडीत तपासणीला येणारी आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेची टीम 2013 पासून आहे, तिथून सिव्हिलला पाठवतात.

होटगी रोड: टीम वर्षातून दोनदा येते ताई. झटके त्यांची वाट बघत नाहीत.

अक्कलकोटची: मग थेट सिव्हिलची ओपीडी गाठा. चिठ्ठी लागत नाही.

होटगी रोड: बरं, औषध सुरू केलं आणि दोन आठवड्यांत झटके पूर्ण थांबले नाहीत, तर?

सिस्टर_सोलापूर: तर औषध बदलायचं आणि बालमेंदूतज्ज्ञ हवाच, पुण्यात असला तरी. कमी झाले म्हणून समाधान मानायचं नाही. ईईजीही सुधारला पाहिजे.

होटगी रोड: म्हणजे मी म्हणतो तेच की! फक्त तुम्ही पंधरा दिवस उशिरा म्हणताय.