वाळा, कडं की वलय? पक्ष्यांच्या 'रिंगिंग'ला मराठी शब्द

भुसावळहून प्रश्न:
हिवाळ्यात हतनूर धरणावर चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं उतरली की बातम्यांत 'रिंगिंग' (पक्ष्याच्या पायात क्रमांकाची रिंग घालणं), 'टॅगिंग', 'ट्रॅकिंग' हे शब्द येऊ लागतात. शाळकरी मुलांसाठी मराठीत माहितीफलक लिहायचा आहे. काही लेखांत 'वलयांकन' वाचलं. ते घ्यावं का? आणि 'ट्रॅकिंग'ला 'पाठलाग' चालेल?

शहाद्याहून:
ताई, 'वलयांकन' नको. 'वलयांकित' म्हटलं की मराठी माणसाला नट नाहीतर क्रिकेटपटू आठवतो. वलय चंद्राभोवती असतं, ते बोटांत धरता येत नाही. ही वस्तू मात्र बोटांत धरायचीच आहे. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, गोल वळवलेली, एका बाजूनं उघडी. पक्ष्याची पाठ तळहातावर, मान तर्जनी आणि मधल्या बोटात अलगद, आणि गोल खाचेच्या पकडीनं ती पट्टी पायाभोवती मिटवायची. मिटल्यावर ती पायात सहज फिरली पाहिजे, वरखाली सरकली पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये.

बाळाच्या पायातला वाळा असाच असतो: उघड्या तोंडाचा, दाबून बसवलेला, पायात फिरणारा. म्हणून माझं मत 'वाळा'. 'कडं' बोलायला छान, पण लिहिताना त्याचं 'कडे' होतं, आणि 'कड्यावरचा क्रमांक' म्हटलं की आमच्याकडे तोरणमाळचा कडा डोळ्यांपुढे येतो.

चाळीसगावहून:
वाळा हा कौतुकाचा दागिना. संशोधनाला तो हलका वाटतो. 'रिंग' शेतातल्या माणसालाही कळते, तीच ठेवावी.

शहाद्याहून:
दादा, 'रिंग' कळते हे खरं. फलकावर एकदा 'वाळा म्हणजे रिंग' असं लिहावं, म्हणजे दोघांचंही भागेल. दागिना आणि हा वाळा यांत फरक आहे तो क्रमांकाचा. डेन्मार्कच्या मॉर्टेनसननं १८९९ मध्ये मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना क्रमांक कोरलेले वाळे घातले, तिथून ही पद्धत शास्त्र म्हणून उभी राहिली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९२७ मध्ये सुरुवात केली आणि १९५९ पासून सालिम अलींच्या पुढाकारानं मोठं काम झालं.

'पाठलाग' मुळीच नको. त्यात पुढचा पळतो आणि मागचा त्याला गाठू बघतो. आपला शब्द 'माग'. सातपुड्यातला गुराखी चुकलेल्या गाईचा माग काढतो तो खुरांवरून, शेणावरून. पक्ष्याच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरचंही, म्हणजे ठिकाण कळवणाऱ्या छोट्या यंत्राचंही, तसंच: उपग्रहामार्फत ठिकाणं कळत जातात, ती जोडली की वाट दिसते. नागालँडमध्ये २०१३ साली ट्रान्समीटर लावलेले अमूर ससाणे भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेत कसे गेले, ते असंच कळलं.

पण वाळ्याला 'माग' म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. वाळा दोनच जागा सांगतो: कुठे घातला आणि कुठे सापडला. मधली वाट तो सांगत नाही. मग वाळा कशाला, असं मुलं विचारतील. ट्रान्समीटरचं ओझं पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत. वटवट्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याला झेपेल असं यंत्र मिळणं अवघड, वाळा मात्र झेपतो.

चाळीसगावहून:
मग आपला रानपिंगळा? तो तर कुठे जातच नाही.

शहाद्याहून:
१९९७ मध्ये तो शंभरावर वर्षांनी पुन्हा दिसला तो आमच्या शहाद्याजवळच. अशा रहिवासी पक्ष्याला रंगीत वाळे घातले तर त्यांचं काम 'ओळख' पटवण्याचं: हा नर कोणता, त्याचा इलाका कुठवर. मात्र त्याच्या पायांवर दाट पांढरी पिसं असतात, वाळा त्यांत दडू शकतो.

भुसावळहून:
'वाळा' आणि 'माग' पक्के. 'मिस्ट नेट' (पक्षी धरायची बारीक जाळी) आणि 'रिकव्हरी'चं काय?

शहाद्याहून:
'मिस्ट नेट' तसंच ठेवा. नुसतं 'जाळं' लिहिलंत तर धरणाकाठी लोक मासेमारी किंवा शिकार समजतील, आणि हे काम तर परवानगीशिवाय करताच येत नाही. त्या जाळीत पक्षी ज्या सैल घडीत पडतो तिला 'झोळ' म्हणा.

'रिकव्हरी'ला 'वसुली' किंवा 'पुनर्प्राप्ती' नको, बँकेची आठवण होते. वाळा घातलेला पक्षी मेलेला मिळाला तर 'सापडला', जिवंत पुन्हा जाळीत आला तर 'पुन्हा हाती लागला'. या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात, म्हणून शब्दही वेगळे हवेत. फलकावर खाली ठळक लिहा: जिवंत पक्ष्याच्या पायातला वाळा काढू नये, क्रमांक, ठिकाण आणि तारीख टिपून वनखात्याला कळवावी.