स्पॅनर फेकला, पण १४ सेकंदांत का नाही पोचत?

चोडणकर११
अकरावी सायन्स. उद्या हे गणित फळ्यावर सोडवायचंय, आणि रोल नंबरप्रमाणे पाळी माझीच आहे.

अंतराळवीर सूट-सामानासकट १०० किलो, त्यातला स्पॅनर २ किलोचा. यानापासून २० मीटरवर स्थिर, दोर सुटलेला. तो स्पॅनर यानाच्या उलट दिशेला फेकतो. अर्ध्या सेकंदात स्पॅनर ४.९ मीटर प्रति सेकंद वेगाने हातातून सुटतो. यानाशी पोचायला किती वेळ?

मी असं केलं: स्पॅनरचं त्वरण ९.८, म्हणजे बल १९.६ न्यूटन. तिसऱ्या नियमाने तेवढंच बल त्याच्यावर उलटं. भागिले ९८, त्वरण ०.२. त्यावरून २० मीटरला १४ सेकंद. पुस्तकात उत्तर २०० सेकंद! रायबंदरच्या फेरीबोटीत बसून दोनदा केलं, १४च येतात.

आणि हसू नका, पण तिथे हवाच नाही तर तो रेटा देतो कशाला?

माशेलवाला
पुस्तकात छापायची चूक असेल. रॉकेट खालच्या जमिनीला आणि हवेला रेटा देऊन वर जातं. हवाच नसेल तर काही हलायचं नाही.

जुना_तारवटी
माशेलवाले, तुम्ही एकटे नाही. १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात रॉकेटवाल्या अमेरिकन शास्त्रज्ञ गॉडर्डला हेच ऐकवलं होतं, की निर्वात जागेत रॉकेटला रेटायला काही नसतं, एवढंही याला कळत नाही. चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ला, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना.

चोडणकर बाबा, मी मास्तर नाही. २६ वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली, म्हणून माझ्या पद्धतीने सांगतो. लहानपणी वेऱ्याला मामाच्या होडीत बसायचो. मामा नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, फेकायचा, ओला, कडेला शिशाचे मणी ओवलेला. पाग हातातून सुटताना होडी पायाखालून मागे सरायची. सरायची ती पाग पाण्याला टेकायच्या आधी! म्हणजे होडीला रेटा दिला तो पागाने. हवेने नाही, खालच्या पाण्यानेही नाही. तुझ्या अंतराळवीराला रेटा देतो तो स्पॅनरच.

आमच्या जहाजाचा पंखासुद्धा हेच करतो, पाणी मागे फेकतो. फरक एवढाच की जहाजाला फेकायला अख्खा समुद्र फुकट मिळतो, रॉकेटला फेकायचा माल घरूनच न्यावा लागतो. म्हणून तर उड्डाणाच्या वेळी ३२० टनांचं आपलं पीएसएलव्ही रॉकेट ध्रुवीय कक्षेत जेमतेम पावणेदोन टन नेऊन ठेवतं. बाकी बहुतेक फेकण्यातच संपतं.

आता तुझे १४ सेकंद. बल बरोबर, त्वरणही बरोबर. पण ते त्वरण तू २० मीटरभर चालू ठेवलंस. स्पॅनर हातातून सुटला की रेटा संपला, बाबा! त्या अर्ध्या सेकंदात गडी सरकतो फक्त अडीच सेंटीमीटर आणि त्याला वेग मिळतो ०.१. पुढे बल शून्य, वेग तोच. २० भागिले ०.१.

मोमेंटमने, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग धरून, केलंस तर हाताचा अर्धा सेकंद लागतच नाही: २ गुणिले ४.९ म्हणजे ९.८, भागिले ९८. अर्धा सेकंद तुला घोळात पाडायलाच दिलाय असा माझा संशय आहे.

चोडणकर११
काका, अडीच सेंटीमीटर काढून बघितलं, बरोबर आलं! पण मग होडी थांबते आणि हा का थांबत नाही?

जुना_तारवटी
होडीला पाणी अडवतं. याला अडवायला तिथे काय आहे? यानाला आपटेल तेव्हाच थांबेल, आणि तेही मुंगीच्या चालीने. स्पॅनर दुप्पट वेगाने फेकला तर १०० सेकंद, करून बघ.

फोंड्याची_बाय
मी बारावीला शिकवते. तारवटींचं सगळं बरोबर, पण स्पॅनर खांद्यावरून भिरकावला तर गडी सरकेलच, शिवाय स्वतःभोवती गरगर फिरत राहील. छातीसमोरून सरळ ढकलायला हवा. १९८४मध्ये ब्रूस मॅककँडलेस दोर न बांधता यानाबाहेर गेले, तेव्हा पाठीवरच्या यंत्रातून नायट्रोजनचे फवारे सोडत होते. त्या यंत्राला २४ तोट्या होत्या, सरकायला आणि वळायलाही. फळ्यावर मात्र हे काढू नकोस, तास संपेल.

जुना_तारवटी
खरं आहे बाई. मामाही पाग फेकताना अर्धा वळायचा, तेव्हा होडीचं तोंड फिरायचं. वल्ह्याने सरळ करायचं काम माझ्याकडे असायचं.

चोडणकर११
म्हणजे त्याला दुसरा स्पॅनर लागेल.