शब्दचर्चा : ‘सायटोकाइन’ म्हणजे निरोप की सांगावा?

कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे आणि ‘सायटोकाइन’पाशी अडले आहे. पेशी एकमेकींना इशारे देण्यासाठी जी प्रथिनं सोडतात, ती ही. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ पेशी आणि हलवणं. त्यावरून ‘पेशीप्रेरक’ केलं आणि शेजारच्या काकूंना वाचायला दिलं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं, दोनदा पुटपुटल्या आणि कागद खाली ठेवला. ‘निरोप’ चालेल का? पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, हे कुणालाही कळेल.

प्रतिसाद १
निरोप धाडणं, सांगणं इथवर ठीक. पण मराठीत निरोप देतात आणि घेतातही. ‘शरीर पेशींना निरोप देतं’ हे वाक्य केमोच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या हाती द्यायला माझं मन धजणार नाही. मी ‘सांगावा’ घेईन. त्यात कुणीतरी कुणाला काम सांगतंय, बोलावतंय. इंटरल्यूकिन-२ हे सायटोकाइन हेच करतं : टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) ‘वाढा’ असा सांगावा. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. थोड्याच रुग्णांना गुण आला, पण त्यातल्या काहींच्या गाठी पार गेल्या त्या परतल्याच नाहीत. मोठ्या मात्रेत मात्र रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो.

एक सांभाळा : सांगावा एकच असला तरी ऐकणारे अनेक. तेच इंटरल्यूकिन-२ प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींनाही जगवतं. इंटरफेरॉन-गॅमा या दुसऱ्या सायटोकाइनमुळे कर्कपेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर जास्त मांडते, म्हणून टी पेशींना ती ओळखू येते. आणि त्याच इंटरफेरॉनमुळे ती टी पेशींना थोपवणारी पीडी-एल१ या प्रथिनाची ढालही पुढे करते. तेव्हा ‘कर्करोगाशी लढणारी प्रथिनं’ असं सरसकट लिहू नका.

प्रतिसाद २
टीएनएफ या सायटोकाइनचं भाषांतर तर करूच नये. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना उंदरांच्या गाठी करपवणारा पदार्थ मिळाला, म्हणून ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हे नाव पडलं. आज संधिवातात तेच प्रथिन अडवणारी औषधं देतात. माझ्या आईच्या कागदावर कुणीतरी ‘अर्बुदनाशक घटक रोखणारे इंजेक्शन’ असं छापलं होतं. ती रात्रभर जागी. ‘गाठ मारणारं ते अडवायचं, मग मला गाठ होईल ना?’ नाव जुन्या प्रयोगातून आलं आहे, हे समजावताना सकाळ झाली. ‘टीएनएफ’ एवढंच लिहा.

प्रतिसाद ३
‘सायटोकाइन स्टॉर्म’ कोरोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देतात त्या कार-टी उपचारातही हा त्रास होतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, तेव्हा हे आता मराठी रुग्णांनाही समजावून सांगावं लागणार. बदललेल्या टी पेशी कर्कपेशींवर तुटून पडतात, सांगाव्यांवर सांगावे सुटतात, ताप चढतो. ‘वादळ’ म्हटलं की लोकांना बाहेरून आलेलं संकट वाटतं. मी ‘सायटोकाइनचा भडका’ म्हणतो. भडका आतूनच उठतो, आणि वेळेत आवरताही येतो : टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६चा सांगावा पेशीपर्यंत पोचू देत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
‘भडका’ घेतला. ‘सांगावा’ही घेतला, पण अनेकवचनात घोटाळा झाला. ‘पेशींना सांगावे’ लिहिलं की ते ‘सांगायला हवं’ असं वाचलं जातं. म्हणून एकवचनच ठेवलं : ‘पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांमार्फत एकमेकींना सांगावा धाडतात. कधी तो चाल करण्याचा असतो, कधी थांबण्याचा.’ आज काकूंनी ही दोन वाक्यं न अडखळता वाचली आणि विचारलं, ‘थांबायचा कशाला?’ नियामक पेशींचा परिच्छेद आता तिथेच, लगेच खाली घालते.