वळणावर मधली रेषा तुटक असेल तर ओव्हरटेक चालतो का? (गगनबावडा रोड, ऊस हंगाम)

करवीर_०९: कळे-साळवण बाजूला कारनं नेहमी जाणं असतं. दुपदरी रस्ता, पुढं डबल ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर. तीन गोष्टी नेमक्या सांगा. वळणावर रेषा तुटक असेल तर काढायची का? ट्रॅक्टरवाल्यानं हात केला तर जायचं का? आणि डावीकडून काढणं कधीच चालत नाही का?

घाटवाट: तुटक रेषा म्हणजे परवाना नव्हे, भावा. वळण, चढाचा माथा किंवा आड येणारं काहीही असलं आणि पुढचा रस्ता स्वच्छ दिसत नसला, की ओव्हरटेक बंद. मग रेषा कसलीही असो. मागच्या गाडीनं तुम्हाला ओव्हरटेक करायला सुरुवात केली असेल, तरीही बंद. सलग रेषा ओलांडायची नाही. सलग आणि तुटक अशी जोडी असेल तर आपल्या बाजूची कुठली ते बघायचं.

डावीकडून एकाच वेळी: पुढचा उजवीकडं वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर आलेला असेल तेव्हा. ट्रॅक्टरचा उजवा इंडिकेटर लागला की पाणंद किंवा वजनकाट्याकडं वळणार असं धरूनच थांबा. काहीजण तोच 'येऊ नको' म्हणून लावतात. दोन्ही अर्थी उजवीकडून जायचं नाहीच.

गणिती_पेठकर: अंतराचा हिशेब बघा. ट्रॅक्टर ताशी २० किमी, तुम्ही ५०. म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटरच पुढं सरकता. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबी १८ मीटर, तुमची कार ४, मागं-पुढं २०-२० मीटर मोकळे धरले तर ६२ मीटर. साडेसात सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १०० मीटरच्या पुढं जाता आणि समोरून ६० नं येणारा सव्वाशे मीटर येतो. झाले सव्वादोनशेच्या वर. हे वेग आधीच ५० असेल तर. मागं चिकटून २० वरनं उचलायची असेल तर वेळ आणि अंतर आणखी वाढू शकतं. म्हणून २०-२५ मीटर मागं राहा; तिथनं पुढचा रस्ताही दिसतो. चिकटलं की उसाशिवाय काही दिसत नाही.

घाटवाट: हे बरोबर. हाताबद्दल राहिलं. हात 'मी तुला वाट देतोय' एवढंच सांगतो. समोरचा रस्ता मोकळा आहे याची हमी तो देत नाही. आणि बऱ्याचदा उसाच्या आडून त्याला मागचं दिसतच नाही, इंजिनच्या आवाजात हॉर्नही ऐकू जात नाही.

एक जपा. वाट द्यायला त्यानं डावी चाकं साईडपट्टीवर उतरवली की मागची ट्रॉली हेलकावते. डांबराची कड उंच असेल तर परत वर चढताना ती उजवीकडं झोल खाते, नेमकी तुम्ही शेजारी असताना. सगळी चाकं डांबरावर येईपर्यंत मागंच राहायचं.

करवीर_०९: रात्रीचं काय? आणि दंड?

गणिती_पेठकर: डिपरवर (खाली पाडलेल्या दिव्यांत) पुढचं ४०-५० मीटर दिसतं, वरचा हिशेब २०० च्या पुढचा. समोरून दिवे येत असतील तर विषयच नाही. रिफ्लेक्टर नसलेली दुसरी ट्रॉली पुढं उभी असू शकते, तेही धरा. दंडाचं म्हणाल तर नियम मोडून केलेला ओव्हरटेक जिवाला धोका होईल असा असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतो. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तुम्हाला कुणी ओव्हरटेक करत असताना वेग वाढवणं हेही नियमाविरुद्ध आहे; त्या वेळी ॲक्सिलरेटर सोडा.