इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा इन्शुरन्स: 5,400 ची पॉलिसी घेऊ का 21,000 ची?

तारेवरचा_माणूस (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझं छोटं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगचं काम आहे, लायसन्स आहे, सुपरवायझर मीच, सोबत 2 वायरमन आणि 3 हेल्पर, लोड असला की नाक्यावरून एक-दोन पोरं रोजावर घेतो. आजवर बंगले आणि सोसायट्या केल्या, इन्शुरन्स कोणी विचारला नाही आणि मीही काढला नाही, खरं सांगतो. आता अंबड एमआयडीसीत एका कंपनीचं शेड वायरिंग, केबल ट्रे आणि पॅनल बसवायचं काम मिळालंय, 14 लाखाच्या आसपास, आणि वर्क ऑर्डरमध्ये लिहिलंय की डब्ल्यूसी (कामगार भरपाईची) पॉलिसी आणि थर्ड पार्टी (बाहेरच्यांच्या नुकसानीची) पॉलिसी जमा केल्याशिवाय गेट पास नाही.

एजंटने दोन कोटेशन पाठवले. एक 5,400 चं, माणशी 5 लाख अपघात विमा, आणि एक 21,000 चं, त्याला डब्ल्यूसी म्हणतोय. फोनवर बोलला की दोन्ही सारखंच, स्वस्त घ्या. मग महाग कोण कशाला घेईल? आणि थर्ड पार्टीचं तो काही बोलतच नाहीये. सोमवारी कागद द्यायचेत, कोणी अनुभवी असेल तर सांगा.

कॉपर_काका (भोसरी)

सारखं अजिबात नाही भाऊ. 5,400 वाली ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट आहे. ती पोराला किंवा त्याच्या घरच्यांना ठरलेली रक्कम देते, चांगलीच गोष्ट आहे, पण तुमची कायद्याची जबाबदारी त्याने फिटत नाही. डब्ल्यूसी म्हणजे 1923 च्या कायद्याप्रमाणे मालकाला कामगाराला जी भरपाई द्यावी लागते ती इन्शुरन्स कंपनीने तुमच्या वतीने भरायची (कायदा आता सोशल सिक्युरिटी कोडात घेतलाय, पण बाजारात नाव डब्ल्यूसीच).

हिशोब करून बघा. 25 वर्षांचा हेल्पर, देव न करो, गेला, तर पगाराच्या निम्म्याला वयाच्या फॅक्टरने गुणतात. पगार 15,000 च्या वर असला तरी 15,000 च धरतात, 2020 पासून. 7,500 गुणिले 216.91, म्हणजे 16 लाख 26 हजार आठशे पंचवीस. तुमच्या 5 लाखाच्या पॉलिसीतून बाकीचे 11 लाख कोण देणार? आणि महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, दंड वेगळा, आणि दंड शक्यतो इन्शुरन्सवाले देत नाहीत.

माझं स्वतःचं सांगतो म्हणजे पटेल. चाकण साइडला ट्रे टाकत होतो, हेल्पर 22 वर्षांचा, घोड्यावर (म्हणजे उंच स्टँडवर) उभा राहून सपोर्टचा नट आवळत होता, खाली मशीनचं तेल सांडलेलं, घोडा सरकला आणि पोरगं 14 फुटांवरून खाली. पाना हातातच होता त्याच्या, सोडलाच नाही. खुबा मोडला. डब्ल्यूसी होती माझी, म्हणून निवांत होतो. इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला, पहिला प्रश्न हजेरी रजिस्टर दाखवा. रजिस्टरवर 7 जण, पॉलिसीत मी 4 दाखवलेले प्रीमियम वाचवायला. क्लेम त्या प्रमाणात कापला. आणि मेडिकलचं एक्स्टेंशन (उपचाराच्या खर्चाचं जादा कव्हर) घेतलंच नव्हतं, हॉस्पिटलचं बिल 1 लाख 80 हजार, ते सगळं खिशातून. उपचाराचा खर्चसुद्धा कायद्याने मालकावर येतो हे मला तिथे बिल हातात आल्यावर कळलं.

तेव्हा 21,000 वाली घ्या, पण घेताना माणसं खरी दाखवा. नाक्यावरची पोरं सुद्धा. ‘रोजावरचा होता, माझा नाही’ हे चालत नाही.

तारेवरचा_माणूस

काका बापरे. मी त्याला 5 च माणसं सांगितली होती, रोजावरची धरलीच नव्हती. अजून एक, मित्र म्हणतो ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) काढ, मग डब्ल्यूसी लागत नाही, खरं का?

मोजमाप_साहेब (कोल्हापूर)

मी क्लेम बघण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे थोडं लांबतंय, माफ करा.

मित्र अर्धा बरोबर. ईएसआयसी 10 किंवा जास्त माणसं असली की लागू, आणि महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना. जो ईएसआयसीत आहे त्याला कामावरच्या दुखापतीसाठी तिथूनच मिळतं, त्याच्यासाठी डब्ल्यूसी नको. पण तुमची माणसं 10 च्या खाली, म्हणजे तुम्हाला डब्ल्यूसीच. पुढे धंदा वाढला तर 21,000 च्या वरच्या सुपरवायझरसाठी तेव्हाही लागेल.

कंपनी गेटवर अडवते ते उगाच नाही. ठेकेदाराच्या माणसाला काही झालं तर कामगार थेट कंपनीकडे भरपाई मागू शकतो, मग कंपनी तुमच्याकडून वसूल करणार. त्यांना फक्त खात्री हवी की तुमच्याकडे वसूल करण्यासारखं काही आहे.

आता पॉलिसी हातात आली की प्रीमियम नंतर बघा, आधी कामाचं वर्णन वाचा. मी ‘इलेक्ट्रिकल दुकानातील कामगार’ असं लिहिलेल्या पॉलिसीवर उंचीवरून पडल्याचे क्लेम बघितलेत. एजंट रेट कमी यावा म्हणून असं लिहून टाकतात आणि अडकतो तो कॉन्ट्रॅक्टर. ‘औद्योगिक शेडमध्ये वायरिंग, केबल ट्रे, पॅनल उभारणी, उंचीवरील काम’ असं स्पष्ट लिहून घ्या. कामाचं ठिकाण एकच साइट आहे का संपूर्ण भारत, ते बघा. सबकॉन्ट्रॅक्टरची माणसं येणार असतील तर तेही लिहून घ्या. मेडिकल एक्स्टेंशन काकांनी सांगितलंच.

आणि शॉकने कोणी दगावलं तर विद्युत निरीक्षकांना 24 तासात कळवायचं असतं आणि शॉकच्या कुठल्याही अपघाताचा लेखी रिपोर्ट 48 तासात द्यायचा असतो, लोक हॉस्पिटलच्या गडबडीत विसरतात आणि नंतर फाईलमध्ये तोच कागद नसतो.

शॉर्टसर्किट_77 (सोलापूर)

20 वर्षं झाली, एक रुपया इन्शुरन्स भरला नाही, टेस्टर आणि देवावर भरवसा 😄 हे सगळं एजंटांचं पोट भरायचं काम.

कॉपर_काका (भोसरी)

@शॉर्टसर्किट_77 मी पण हेच म्हणायचो, चाकणच्या आधी.

न्यूट्रल_गेला (ठाणे)

थर्ड पार्टीवर कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो, नाव बघून कळलंच असेल कुठला विषय 😅

एका सोसायटीच्या मीटर रूमचं काम केलं होतं, पॅनल बदललं, टेस्ट करून हँडओव्हर दिला, पेमेंटही आलं. दीड महिन्याने रात्री नऊ वाजता फोन, ‘दादा दिवे वेड्यासारखे पेटलेत’. गेलो तर मेन न्यूट्रलचा लग (केबलच्या टोकाला दाबून बसवतात तो तुकडा) ढिला होऊन जळून काळा पडलेला. न्यूट्रल तुटला की थ्री फेजमध्ये काय होतं ते सांगायला नको, कोणाकडे दिवे मंद आणि कोणाकडे साडेतीनशे व्होल्टच्या वर. 11 फ्लॅटचे टीव्ही, फ्रिज, दोन वॉशिंग मशीन, एका आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन सुद्धा (नशीब सिलिंडर होता घरात). चूक माझ्या पोराची, लग नीट क्रिंप केला नव्हता, नाकारलं नाही.

इथे डब्ल्यूसी काही कामाची नाही, ती फक्त आपल्या माणसांची. माझ्याकडे पब्लिक लायबिलिटी पॉलिसी होती म्हणून खुशीत कागद दिले, तर उत्तर आलं की काम चालू असतानाचं नुकसान कव्हर आहे, हँडओव्हर झाल्यानंतरचं नाही. आपल्या धंद्यात तर आग काय, न्यूट्रल काय, सगळं हँडओव्हर नंतरच होतं ना. त्यामुळे सीजीएल मागा, म्हणजे कमर्शियल जनरल लायबिलिटी, आणि त्यात ‘कम्प्लीटेड ऑपरेशन्स’ (काम संपल्यानंतरचं नुकसान) आहे का ते पॉलिसीत बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि एक, तुमचं स्वतःचं चुकलेलं काम परत करायचा खर्च, म्हणजे माझा तो लग आणि बसबार, हे कुठलीच लायबिलिटी पॉलिसी देत नाही. त्या कामामुळे दुसऱ्याचं जे जळलं ते देते.

मोजमाप_साहेब (कोल्हापूर)

ठाण्याच्या दादांनी माझं काम वाचवलं. फक्त जोडतो, एजंटने 1991 च्या पब्लिक लायबिलिटी अ‍ॅक्टची पॉलिसी माथी मारली तर घेऊ नका, ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांची. नावं सारखी असल्याने हा घोळ नेहमी होतो. आणि एक्सेस किती ते विचारा, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले किती हजार तुमचे. एक्सेस 50,000 असेल तर दोन टीव्हीच्या भानगडीत पॉलिसीचा उपयोग शून्य.

साइटवरच्या मालासाठी ‘इरेक्शन ऑल रिस्क’ मिळते, पॅनल आणि केबल तुमच्या ताब्यात असतील तर विचार करा. कंपनीने आधीच पूर्ण प्रोजेक्टची घेतली असेल तर तिच्यात कॉन्ट्रॅक्टर म्हणून तुमचं नाव आहे का एवढंच बघा, उगाच डबल भरू नका.

तारेवरचा_माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला फोन केला, कामाचं वर्णन काय टाकलंय विचारलं तर आधी म्हणाला ‘ते सिस्टीम आपोआप घेते’, मग मी कोल्हापूरच्या साहेबांचं वाक्य तसंच वाचून दाखवलं. नवीन कोटेशन आलं, 7 माणसं, उंचीवरचं काम, मेडिकल धरून, जीएसटीसकट 31,200. सीजीएलचं उद्या देतो म्हणाला. कंपनीच्या स्टोअरवाल्याला विचारलं, प्रोजेक्टची पॉलिसी आहे त्यांची, पण माझं नाव आहे का ते त्यालाही माहीत नाही, परचेसला मेल टाकलाय.

एकच राहिलं, माझा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि क्रिंपिंग टूल मिळून 60-70 हजारांचा माल रोज गाडीत असतो, रात्री पण. तो यापैकी कशात बसतो का?

मोजमाप_साहेब (कोल्हापूर)

यापैकी कशातच नाही. वेगळी पोर्टेबल इक्विपमेंटची मिळते, पण गाडीतून चोरी झाली तर शक्यतो बंद गाडी फोडून झालेलीच धरतात, शिवाय एफआयआर लागतो, आणि रात्रभर गाडीत ठेवलेलं बऱ्याच पॉलिसीत चालत नाही. ‘कुठे गेला कळलं नाही’ याला तर कोणीच पैसे देत नाही. मेगर घरात आणत जा रात्री.