मदत हवी आहे : चुंबकीय बेअरिंगमधील रोटरचे डगमगणे

अतिवेगवान स्पिंडलसाठी आम्ही सक्रिय चुंबकीय बेअरिंग, म्हणजे रोटरला (फिरणाऱ्या भागाला) नियंत्रित चुंबकीय बलाने स्पर्शाविना तरंगवत ठेवणारे बेअरिंग, उभारत आहोत. केवळ कायम चुंबकांच्या स्थिर बलांवर रोटर स्थिरपणे तरंगू शकत नाही, हे अर्नशॉ यांच्या 1842 साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धांतावरून स्पष्ट असल्याने सेन्सर, नियंत्रक आणि विद्युतचुंबक यांची साखळी अपरिहार्य आहे. रोटरच्या वस्तुमानातील असंतुलनामुळे फिरण्याच्या वारंवारतेने येणारा सेन्सरचा संकेत नॉच फिल्टरने (ठरावीक वारंवारता गाळणाऱ्या फिल्टरने) वगळल्यास रोटर आपल्या जडत्व-अक्षाभोवती (वस्तुमानाच्या वाटणीने ठरणाऱ्या अक्षाभोवती) फिरतो आणि चौकटीपर्यंत हादरे फारसे पोहोचत नाहीत. क्रांतिक वेगाच्या (ज्या वेगाला अनुनादामुळे रोटरची कंपने खूप वाढतात त्याच्या) वर हा उपाय मला सर्वांत समाधानकारक वाटतो. मात्र कमी वेगात तोच फिल्टर प्रणाली अस्थिर करतो, म्हणून क्रांतिक वेग ओलांडेपर्यंत तो बंद ठेवून अवमंदन (कंपने शमवणारा परिणाम) वाढवावे लागते. पुढे रोटरला धक्का न बसू देता फिल्टर कसा जोडावा, आणि त्याचा कला-कोन (फेज) वेगानुसार बदलत ठेवणे अधिक सुरक्षित ठरेल का, याविषयी अनुभवी अभियंत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.