मदत हवी आहे : तळ्यावरचे हे बारीक हिरवे दाणे कसले?

कुडाळजवळच्या आमच्या गावतळ्यात, म्हशी डुंबतात त्या कोपऱ्यात, पाण्यावर खसखशीएवढे हिरवे दाणे पसरलेत. बोटावर घेतले तर गुळगुळीत, खालून जास्त फुगीर. भिंगातून पाहिलं तरी मूळ म्हणून दिसत नाही. त्यांच्यातच थोडी मोठी, खालून जांभळट आणि मुळांचा झुपका असलेली पानं आहेत, ती स्पायरोडेला (पाण्यावर तरंगणारी एक छोटी वनस्पती) असावी. दाण्यांना लेम्ना (स्पायरोडेलाचीच भावकी) म्हणावं तर तिला एक तरी मूळ असतं. अझोला नक्की नाही, ती नेचेवर्गातली, खवल्याखवल्यांची. मग ही त्याच भावकीतली बिनमुळांची वुल्फिया का? सपुष्प वनस्पतींत सगळ्यात लहान ती हीच ना! साचलेल्या, शेणामुताच्या पाण्यात दाट आहे, शेजारच्या वाहत्या पाटात अजिबात नाही. कोकणात अजून कुणी पाहिलीय का? आणि प्रजाती ठरवायला फोटोत नेमकं काय टिपू?